टीडीएस पेन आणि खारपाणपट्ट्यातील बोअरचे पाणी : वापरानंतरचे परीक्षण

तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रांत आणि ऑनलाइन दुकानांत चारशे-पाचशे रुपयांना मिळणारे टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा दाखवणारे छोटे उपकरण, हल्ली 'शेतीच्या पाण्याची प्रत एका मिनिटात' अशी ग्वाही देऊन विकले जाते. मुळात हे उपकरण घरातील आरओ यंत्राचे पाणी तपासण्यासाठी तयार झालेले आहे. परंतु नवीन बोअर लागल्यावर, विहीर खोल केल्यावर किंवा संत्र्याची बाग लावण्याआधी हे पेन पाण्यात बुडवायचे आणि दिसलेल्या आकड्यावर पुढचा सगळा निर्णय घ्यायचा, ही पद्धत आमच्या भागात झपाट्याने रुजत आहे, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. आमचा भाग म्हणजे विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, जिथे जमिनीखालचे पाणी मूळचेच खारे आहे. मी हे पेन रब्बीत आणि उन्हाळ्यात नियमित वापरले, त्याच बोअरच्या पाण्याचा प्रयोगशाळेतून आलेला अहवाल शेजारी ठेवला, आणि शेतातल्या मातीशी दोन्हींचा मेळ घालून पाहिला. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण बाजारातील बहुतेक स्वस्त पेनांची रचना सारखीच असते आणि पुढे सांगितलेले गुणदोष एका कंपनीचे नसून मोजण्याच्या पद्धतीचे आहेत.

पेन वाईट नाही, हे प्रथमच नमूद करतो. डब्यावर दोन टक्क्यांपर्यंतच्या फरकाचा दावा आहे, आणि पेन नीट प्रमाणित केलेले असेल तर तो दावा साधारणपणे खरा ठरतो. प्रयोगशाळेने आमच्या बोअरच्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, १.४५ डेसीसायमन प्रति मीटर, म्हणजे १४५० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर, इतकी दिली होती. पेनवर तीच १४३० ते १४६० मायक्रोसायमनच्या दरम्यान येत राहिली. एवढ्या किमतीच्या वस्तूकडून याहून जास्त अचूकतेची अपेक्षा करणे योग्य नाही. अडचण आहे ती या आकड्याचा अर्थ काय लावायचा, याबाबत.

पेनच्या टोकाशी असलेल्या दोन धातूच्या सुयांमधून पाण्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडला जातो. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितका तो प्रवाह सहज वाहतो. म्हणजे पेन फक्त वाहकता मोजते, क्षारांचे वजन करत नाही. पडद्यावर दिसणारा पीपीएमचा (साधारणपणे मिलिग्रॅम प्रति लिटरचा) आकडा त्या वाहकतेला एका ठरावीक गुणकाने गुणून काढलेला असतो, आणि हा गुणक सर्व पेनांत सारखा नसतो. काही पेने ०.५ ने गुणतात, काही ०.७ ने. त्यामुळे आमच्याच बोअरच्या, एकाच बादलीतल्या पाण्यात एका पेनवर ७२५ आणि दुसऱ्यावर १०१५ असे आकडे दिसले. प्रयोगशाळा डेसीसायमनला ६४० ने गुणते, म्हणून तिच्या कागदावर हेच पाणी ९२८ मिलिग्रॅम प्रति लिटर होते. तिन्ही आकडे एकाच वाहकतेतून आलेले आहेत आणि त्यांपैकी एकही चुकीचा नाही. तरीही चावडीवर बसून 'तुमच्या बोअरचे पाणी किती, आमच्या बोअरचे किती' अशी तुलना होते तेव्हा या फरकामुळे एखादी विहीर विनाकारण बदनाम होते. म्हणून खरेदी करताना मायक्रोसायमनमध्ये वाचन दाखवणारे बटण आहे का, ते आधी पाहावे. ज्या पेनवर केवळ पीपीएम दिसतो ते शेतीसाठी घेऊ नये.

त्याहून गंभीर दोष पेनसोबत येणाऱ्या रंगीत कार्डाचा आहे. त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात, आणि त्यांच्या सीमा पिण्याच्या पाण्याच्या निकषांवरून घेतलेल्या असतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घटकांची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. माणसाच्या जिभेसाठी आणि आरोग्यासाठी ठरवलेल्या या मर्यादांचा काळ्या चिकणमातीशी काहीही संबंध नाही. दुकानदार मात्र कार्ड दाखवून सांगतो, "भाऊ, पाचशेच्या खाली आलं की डोळे झाकून सोडा." हा सल्ला आमच्या जमिनीसाठी घातक ठरू शकतो. त्याचे कारण समजून घ्यायचे तर पूर्णेच्या खोऱ्याकडे वळावे लागते.

सातपुड्याचा गाविलगड डोंगर आणि दक्षिणेकडील अजिंठ्याची रांग यांच्या मधल्या गाळाच्या सपाट पट्ट्यातून पूर्णा पश्चिमेला वाहत जाऊन तापीला मिळते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा सुमारे ४.७ लाख हेक्टरांचा आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातील क्षारप्रवण अशी ९३२ गावे वेगळी धरण्यात आली, यावरूनही प्रश्नाचा आवाका लक्षात येतो. येथील माती खोल, काळी आणि चिकण आहे. तिच्या खालच्या थरांत चुनखडी आहे, आणि भूजल नैसर्गिकरीत्याच खारे आहे. कोणी खत जास्त टाकले किंवा कालव्याचे पाणी अतोनात दिले म्हणून ते खारे झालेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथे पावसाच्या ओलीवर कापूस, ज्वारी, तूर आणि हरभरा होत आला. विहिरीचे पाणी जमिनीला देऊ नये, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. बोअरयंत्र आणि तुषार संच गावोगावी पोहोचल्यावर हरभरा, गहू आणि कांद्याला तेच पाणी सर्रास दिले जाऊ लागले.

या पाण्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात एकूण क्षार बऱ्याचदा मध्यमच असतात, परंतु त्या क्षारांत सोडियम आणि बायकार्बोनेट यांचा वाटा फार मोठा असतो. पोत्याचे वजन सांगणारा काटा पोत्यात धान्य आहे की माती, हे सांगू शकत नाही. पेनचेही तसेच आहे.

आमच्या अहवालातील आकडे येथे देतो, कारण त्यांवरून मुद्दा सर्वांत स्पष्ट होतो. पीएच ८.४. मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या, वजनाऐवजी क्षारांचा विद्युतभार मोजणाऱ्या एककात कॅल्शियम १.४, मॅग्नेशियम १.८, सोडियम ११.२, पोटॅशियम ०.१. कार्बोनेट ०.६, बायकार्बोनेट ८.४, क्लोराइड ४.२, सल्फेट १.२. सोडियमची तुलना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी करणारे सोडियम शोषण गुणोत्तर, म्हणजे एसएआर, काढण्यासाठी कॅल्शियम व मॅग्नेशियमची बेरीज निम्मी करून तिचे वर्गमूळ घ्यायचे आणि त्याने सोडियमला भागायचे. आमचे गुणोत्तर ८.८५ आले. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियमची बेरीज वजा केली की अवशिष्ट सोडियम कार्बोनेट, म्हणजे आरएससी, मिळते. ९.० वजा ३.२, म्हणजे ५.८. आरएससी १.२५ च्या आत असेल तर पाणी सुरक्षित, १.२५ ते २.५ दरम्यान असेल तर मध्यम आणि २.५ च्या वर असेल तर सिंचनास अयोग्य, असा सर्वमान्य निकष आहे. आमचे पाणी या मर्यादेच्या दुपटीहून पुढे आहे. ०.५ चा गुणक लावणाऱ्या पेनवर त्याच पाण्याचा आकडा ७२५ होता आणि कार्डावर तो पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे 'चालेल' या सदरात, बसत होता.

अहवाल कोणत्याही प्रयोगशाळेचा असो, तो विश्वासार्ह आहे की नाही हे घरी तपासता येते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम यांची बेरीज दुसऱ्या बाजूच्या चार घटकांच्या (कार्बोनेट, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट) बेरजेच्या जवळ यायला हवी, आणि दोन्ही बेरजा ईसीच्या साधारण दहापट असायला हव्यात. आमच्या अहवालात त्या १४.५ आणि १४.४ आहेत, तर ईसीची दहापट १४.५ होते. येथे प्रमाणित केलेल्या पेनचा खरा उपयोग आहे. प्रयोगशाळेने ईसी चुकीची नोंदवली असेल किंवा नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, तर ते पेनमुळे लगेच उघडे पडते. अहवाल मिलिग्रॅममध्ये दिलेला असेल तर सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २० ने, मॅग्नेशियमला १२.२ ने, बायकार्बोनेटला ६१ ने आणि कार्बोनेटला ३० ने भागून आधी एकक बदलून घ्यावे.

सोडियम जमिनीचे नेमके काय करते, हे पाहू. चिकणमातीचे कण अत्यंत सूक्ष्म पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम त्या पापुद्र्यांना एकमेकांशी बांधून ठेवते, त्यामुळे मातीचे दाणे बनतात आणि दाण्यांच्या मधून पाणी व हवा खेळते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की ही पकड सुटते, ओल्या मातीत कण विखुरतात आणि सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसतात. पाणी खाली उतरत नाही, वर साचून राहते. बायकार्बोनेटमुळे हे नुकसान आणखी वाढते, कारण माती सुकताना ते पाण्यातील आणि मातीतील कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात बाहेर काढते, आणि मातीतल्या पाण्यात मागे केवळ सोडियम उरते. शेतकऱ्याला हा बदल आधी वाफशात जाणवतो. पाऊस पडून गेला तरी रान दिवसेंदिवस चिकट राहते, वखर चालत नाही, आणि वाफसा आला असे वाटेपर्यंत माती दगडासारखी कडक होते. पेरणी, डवरणी आणि निंदणाला मिळणारा काळ दरवर्षी आखूड होत जातो. उगवण विरळ होते, कोवळी पाने पिवळी पडतात, कारण पीएच वाढलेल्या मातीत लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाहीत.

विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या, सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, समजावी, ही मर्यादा अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातून आपल्याकडे आली. पूर्णा खोऱ्यातील फुगणाऱ्या काळ्या मातीत मात्र १५ च्या बऱ्याच खालीच पाण्याचा निचरा मंदावतो, असे नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. त्यामुळे माती परीक्षणाच्या कागदावर 'चोपण नाही' असा शेरा असला, तरी खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याने निर्धास्त होऊ नये.

पेनला जे कळत नाही ते काचेच्या ग्लासात फुकट दिसते. वाळलेल्या रानातून हरभऱ्याच्या दाण्याएवढे ढेकूळ उचलावे आणि पावसाच्या साठवलेल्या किंवा आरओच्या पाण्याने भरलेल्या ग्लासात अलगद सोडावे. ग्लास हलवू नये. बोअरचे पाणी बरीच वर्षे दिलेल्या आमच्या शेताचे ढेकूळ काही वेळात कडांनी विरघळू लागले, त्याभोवती दुधाळ वलय तयार झाले, आणि सायंकाळपर्यंत ग्लासाचा तळ गढूळ झाला. ते पाणी दुसऱ्या दिवशीही निवळले नाही. बांधावरच्या, कधीही पाणी न दिलेल्या मातीचे ढेकूळ त्याच पाण्यात फुटून त्याचा ढीग झाला, पण वरचे पाणी नितळ राहिले. नंतर शेतातलेच दुसरे ढेकूळ बोअरच्या पाण्यात टाकले. तेथे वलय जवळजवळ दिसलेच नाही. कारण पाण्यात क्षार भरपूर असले की चिकणमातीचे कण एकत्र राहतात. याचा अर्थ असा, की बोअरचे पाणी देत असेपर्यंत जमिनीचा बिघाड काही प्रमाणात झाकलेला राहतो, आणि जूनमधला पहिला मोठा पाऊस, ज्यात क्षार नसतातच, तो उघडा करतो. रब्बीत पाणी बऱ्यापैकी मुरत होते आणि पावसाळ्यात त्याच शेताचे तळे झाले, अशी तक्रार आमच्याकडे सतत ऐकू येते. दोष अनेकदा पावसाला किंवा शेजाऱ्याच्या बांधाला दिला जातो.

पेनचा आकडा केवळ अपुराच नसतो, तर दोन पाण्यांत निवड करताना तो उलटही नेऊ शकतो. आमच्या नात्यातील एका शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी २.६ डेसीसायमनचे आहे. पेनवर १३०० पीपीएम, कार्डावर लाल. अहवालात कॅल्शियम ९, मॅग्नेशियम ७.५, सोडियम ९.५ आणि बायकार्बोनेट ५ आहे, बाकीचे क्लोराइड व सल्फेट. एसएआर जेमतेम ३.३ येते आणि आरएससी शून्याच्याही खाली जाते. या पाण्यावर कांदा किंवा संत्रा घेणे कठीण आहे, कारण पाण्याने संपृक्त केलेल्या मातीतून काढलेल्या अर्काची ईसी कांद्याला सुमारे १.२ आणि संत्र्याला १.७ ओलांडली की उत्पादन घटू लागते. पण कापसाची सहनशीलता ७.७ पर्यंत आणि गव्हाची ६ पर्यंत असते. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात हे क्षार धुऊन जातात आणि मातीची घडण टिकून राहते. त्याने पेनवरील लाल रंग पाहून ही विहीर बंद करण्याचा विचार चालवला होता. आमच्या बोअरचे पाणी पेनवर जवळजवळ निम्म्या आकड्याचे आहे, पण मातीसाठी ते त्याच्या विहिरीहून कितीतरी घातक आहे.

पाणी मिसळण्याच्या बाबतीतही हाच फसवेपणा आहे. शेततळ्यातील पावसाचे पाणी आणि बोअरचे पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर पेनवरचा आकडा सरळ निम्मा होतो, ७२५ वरून साधारण ३६० होतो आणि कार्ड हिरवे होते. आरएससीही निम्मे होऊन २.९ वर येते, जे अजून मर्यादेच्या वरच आहे. एसएआर मात्र निम्मे होत नाही, ते ८.८५ वरून फक्त ६.३ पर्यंत उतरते. अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादांनुसार एसएआर ६ ते १२ असेल आणि ईसी १.९ च्या वर असेल तर पाणी मुरण्यास अडथळा येत नाही. ईसी १.९ ते ०.५ असेल तर काही प्रमाणात अडथळा येतो, आणि ०.५ च्या खाली तो तीव्र होतो. आमचे मूळ पाणी १.४५ वर होते, मिसळलेले ०.७३ वर आले, म्हणजे ते तीव्र अडथळ्याच्या सीमेकडे सरकले. मिसळणे निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. जमिनीत जाणारे एकूण सोडियम त्यामुळे नक्कीच घटते. परंतु पेनवर हिरवे दिसले म्हणून जिप्सम, म्हणजे सोडियमला हटवणारे कॅल्शियमयुक्त खनिज, टाकणे थांबवणे, ही त्यातून निघणारी चूक आहे. शेततळ्यात पाणी पुरेसे असेल तर फुलोऱ्याच्या वेळचे एखादे संरक्षित पाणी निव्वळ शेततळ्यातून देणे अधिक चांगले. खारपाणपट्ट्यातील चिकण मातीत प्लास्टिकचे अस्तर नसतानाही शेततळ्यात पाणी बराच काळ टिकते. निसर्गाने या जमिनीला दिलेली ही एक अनुकूल बाजू आहे.

तुषार संच वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आवश्यक वाटते. पाण्यात सोडियम किंवा क्लोराइड ३ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर पानांवर उडणाऱ्या थेंबांमधून ते थेट पानात शिरते आणि नाजूक पिकांच्या पानांच्या कडा करपतात. आमच्या पाण्यात सोडियम त्याच्या जवळजवळ चौपट आहे. भर दुपारी, वाऱ्यात तुषार चालवले तर हा त्रास वाढतो, म्हणून रात्री किंवा पहाटे पाणी देणे बरे. याबाबतही पेन काही सांगू शकत नाही.

काहीजण पेन मातीसाठीही वापरतात. एक भाग माती आणि अडीच भाग आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी ढवळून, थोडे स्थिर होऊ देऊन ईसी वाचतात. पद्धत बरोबर आहे. अशा मिश्रणाची ईसी १ डेसीसायमनच्या आत असेल तर मृद आरोग्य पत्रिकेवर ती सर्वसाधारण मानली जाते. परंतु पूर्णेच्या पट्ट्यात मातीची ईसी कमी आणि सोडियमचा वाटा मोठा, अशी स्थिती वारंवार आढळते. तेव्हा येथेही पेनचा दिलासा खोटा ठरण्याचा धोका आहे. पीएच ८.५ च्या वर आणि ईसी कमी असे चित्र दिसले, तर मातीतील विनिमययोग्य सोडियमची तपासणी आवर्जून करून घ्यावी.

पेन कुठे उपयोगी आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत उसाच्या जमिनी पाणी साचून क्षारपड झाल्या. तेथे भूजलाची पातळी वर येऊन क्षारांचे एकूण प्रमाण वाढणे हा मुख्य प्रश्न आहे, आणि निचऱ्याच्या नळीतून बाहेर येणाऱ्या पाण्याची ईसी दर आठवड्याला मोजून जमीन धुऊन निघते आहे की नाही, हे पेन चांगले दाखवते. ठिबकातून खत सोडणाऱ्या द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांना खताच्या द्रावणाची तीव्रता तपासायला ते हाताशी असावेच. खुद्द आमच्याकडेही एकदा संपूर्ण अहवाल आल्यानंतर त्याच बोअरवर पेनने लक्ष ठेवता येते. पावसाळ्यानंतरचे वाचन आणि मे महिन्यातले वाचन यांत मोठा फरक पडला, तर खालच्या खाऱ्या थराचे पाणी वर ओढले जात आहे, अशी शंका घेऊन नमुना पुन्हा प्रयोगशाळेत पाठवावा. एकंदरीत वस्तू म्हणून पेनला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. खारपाणपट्ट्यात पाणी जमिनीला द्यावे की नाही, हे ठरवण्याचे साधन म्हणून मात्र एकच गुण, तोही अहवाल तपासून पाहायला त्याची मदत होते म्हणून. रंगीत कार्डाला शून्य, ते पहिल्या दिवशीच फेकून द्यावे.

प्रयोगशाळेच्या सेवेबद्दलही थोडे लिहितो. मी नमुना दिलेल्या प्रयोगशाळेने मोजमाप नीट केले, अहवालही वेळेत दिला, पण शेवटी 'मध्यम प्रतीचे पाणी, योग्य व्यवस्थापनाने वापरावे' एवढाच ठरावीक शेरा मारला. योग्य व्यवस्थापन म्हणजे काय, हे सांगायला तिथे कोणीही उपलब्ध नव्हते. पैसे देऊन तपासणी करणाऱ्या शेतकऱ्याला आरएससी किती आहे आणि त्यासाठी जिप्सम किती लागेल, या दोन गोष्टी कागदावर मिळायलाच हव्यात. नमुना देताना 'सिंचनासाठी संपूर्ण तपासणी' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर केवळ पीएच आणि ईसी काढून कागद हातात दिला जातो. बोअर अर्धा तास चालू ठेवून मग नमुना घ्यावा, एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, हवा न ठेवता काठोकाठ भरावी आणि शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत पोहोचवावी. बाटली उघडी राहिली तर बायकार्बोनेटचे वाचन बदलते. औषधाची जुनी बाटली कितीही धुतली तरी वापरू नये.

पेन घ्यायचेच असेल तर त्यासोबत १४१३ मायक्रोसायमनचे प्रमाण द्रावण अवश्य घ्यावे आणि महिन्यातून एकदा त्यात वाचन जुळवावे. पाण्याच्या तापमानात एक अंश वाढ झाली की वाहकता सुमारे दोन टक्के वाढते. स्वयंचलित तापमान दुरुस्ती असलेल्या पेनलाही पाण्याच्या तापमानाशी जुळायला अर्धा मिनिट द्यावा लागतो. सुयांवर पांढरा थर बसला की व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून स्वच्छ पाण्याने धुवावे. खरवडू नये.

आता जिप्समचा हिशेब, कारण अहवालाचा खरा उपयोग तेथे होतो. एक एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी. त्या पाण्यातील आरएससी एका मिलिइक्विव्हॅलंटने कमी करायला साधारण १७.४ किलो शुद्ध जिप्सम लागते. आमचे ५.८ हे प्रमाण २.५ पर्यंत आणायचे तर ३.३ चा फरक भरून काढावा लागेल, म्हणजे एका पाण्यामागे ५७ किलो. शेतीसाठी मिळणारे जिप्सम ७० टक्के शुद्धतेचे धरले तर ते ८० किलोंच्या थोडे पुढे जाते. हरभऱ्याला दोन पाणी द्यायचे असतील तर एकरी दीड-पावणेदोन क्विंटल, आणि गव्हाला चार पाणी दिले तर सव्वातीन क्विंटल. हे केवळ येणाऱ्या पाण्याचा दोष भरून काढण्यापुरते आहे. जमिनीत आधीच साठलेल्या सोडियमसाठी माती परीक्षणातून निघणारी जिप्समची गरज यात वेगळी धरावी लागते, आणि ते जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर पसरून वरच्या थरात मिसळावे, म्हणजे सुटलेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाईल. निचऱ्यासाठी चर नसेल किंवा रुंद वरंबा-सरी पाडलेली नसेल, तर सुटलेले सोडियम तेथेच राहते. खरिपात ढेंचा किंवा ताग घेऊन फुलोऱ्याआधी गाडल्यास त्याच्या कुजण्यातून तयार होणारी आम्ले मातीतल्या चुनखडीतील कॅल्शियम थोडे थोडे मोकळे करतात, आणि त्यामुळे विकतच्या जिप्समवरचा भार काही अंशी हलका होतो.